चार मीटर दहा

१

सकाळी सातला मी पत्र्याच्या शेडखाली येऊन बसायचे. पुढ्यात पाण्याची बादली, ताठ केसांचा ब्रश, टेप आणि वही. दगड घासायचा, तिन्ही बाजूंनी मोजायचा, वहीत त्याची आकृती काढायची आणि पाठीवर तांबड्या रंगाने नंबर घालायचा. दिवसाकाठी सहा दगड व्हायचे, कधी सात. पाच वर्षं मी हेच केलं आणि मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

आमच्या लुबोगानचं संत रोकचं चर्च भूकंपात पडलं ते एका सुट्टीच्या सकाळी. आत कुणी नव्हतं, एवढं नशीब. घंटाघर पुरतं कोसळलं आणि उत्तरेची भिंत अर्ध्यावर आली. दोनशे वर्षांपूर्वी स्पॅनिश पाद्र्यांनी आमच्याच खापरपणज्यांना समुद्रात उतरवून हे दगड काढून आणवले होते. प्रवाळाचे दगड. ओला करून घासला की त्यावर जुनी नक्षी उमटते, कुठे मधाच्या पोळ्यासारखी, कुठे म्हाताऱ्या तळहातासारखी. ते सगळे आता चर्चमागच्या माळावर ओळीने मांडले होते. राजधानीतल्या जुन्या वास्तूंच्या कचेरीचा हुकूम होता की प्रत्येक दगड जिथला तिथेच परत गेला पाहिजे. ज्याचा चुरा झाला असेल त्याच्याच जागी नवा.

मी शाळेत तीस वर्षं भूमिती शिकवली. निवृत्त झाले त्याच महिन्यात फादर अर्नुल्फो घरी आले. हे माझेच विद्यार्थी, दोनदा नापास झालेले. म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात जे मला कधी समजलं नाही, ते आता सहा हजार तुकड्यांत माळावर पडलंय. तुम्हीच या."

मुख्य गवंडी होता सेनोन पालगान. तोंडावर मी त्याला 'नोंग सेनोन' म्हणायचे, कारण तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. मनात नुसतं सेनोन. त्याची बायको जाऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगी दिव्हिना बाजारात पावभट्टी चालवायची आणि तो तिच्याकडेच राहायचा. मी लग्न केलं नाही. सेनोन सकाळी आला की आधी माझी वही चाळायचा आणि आकड्यांत चुका शोधायचा. पाच वर्षांत त्याला दोन सापडल्या. त्या दोन्ही तो गावभर सांगत फिरला.

२

मार्चमध्ये घंटाघराच्या पायथ्याचा ढिगारा संपत आला, तेव्हा मला पहिला पांढरा दगड मिळाला.

आमच्या चर्चच्या भिंती दोन पदरी आहेत. बाहेरून दगड, आतून दगड, आणि पोटात चुना-खडीची भर. म्हणून प्रत्येक दगडाचं एक तोंड घडवलेलं असतं आणि बाकीची ओबडधोबड. हा दगड भिंतीच्या पोटातला होता. तिथे कुणाची नजर पोचत नाही. तरी त्याच्या एका तोंडावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता, आणि त्या गिलाव्यात आडवी, चार बोटं रुंद अशी घळ पडली होती. कोरलेली नव्हती, झिजलेली होती. चिनी बशीसारखी गुळगुळीत. मी त्यात हात ठेवून पाहिला. तळव्याची कड तिच्यात बरोबर बसली.

आठवडाभरात तसे चौतीस दगड निघाले. सेनोनने ते माळावर मांडायला घेतले आणि दोन दिवसांत ते एकमेकांना असे जुळले की मध्ये सुरीचं पातं जाणार नाही. समोरासमोर दोन भिंती झाल्या, एका माणसाचे खांदे मावतील एवढ्याच अंतरावर. एका टोकाला उघडं तोंड आणि दुसऱ्या टोकाला आडवा दगड. ती घळ दोन्ही बाजूंनी, कमरेच्या उंचीवर, एका दगडातून दुसऱ्या दगडात सलग जात होती.

"बोळ आहे," सेनोन म्हणाला. "भिंतीच्या पोटातला."

मी मोजला. चार मीटर दहा.

मी लगेच कारणं दिली. त्या काळी चाच्यांच्या धाडी यायच्या, लोक चर्चमध्ये लपायचे. किंवा घंटाघरात जायचा जुना रस्ता असेल. अंधारात माणसं भिंतीला हात लावत जातात, त्याने गिलावा झिजला. सेनोन उकिडवा बसून ऐकत होता. मग त्याने मला तोंडाजवळचा दगड दाखवला. तिथे घळ जेमतेम जाणवत होती. जसजसं आत जावं तसतशी ती खोल होत गेली होती, आणि शेवटच्या दगडापाशी दोन बोटं खोल होती.

"माणसं दारात जास्त हात लावतात," तो म्हणाला. "दार झिजतं. हे आत झिजलंय."

आणखी एक गोष्ट होती, ती आम्ही टोकाचा आडवा दगड बाजूला सरकवल्यावर दिसली. घळ त्या दगडापाशी येऊन संपत नव्हती. ती त्याच्या मागे गेली होती, आणि बाजूच्या दगडाच्या काठावर, कापलेल्या दोरीसारखी तुटली होती.

मी म्हणाले की बोळ पूर्वी लांब असणार, शेवट नंतर बंद केला. सेनोन म्हणाला की पुढे जायला जागाच नाही, पुढे घंटाघराचा भरीव पाया आहे. मी वहीत लिहिलं, 'शेवट नंतर बंद केलेला असावा.' 'असावा' लिहिल्यावर मला बरं वाटलं.

३

कचेरीची इंजिनिअर बोटीने आली, दगडांचे फोटो काढले आणि संध्याकाळच्या बोटीने परत गेली. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. बोळ होता तसा बांधायचा, आणि तोंड पूर्वी जसं बंद होतं तसं दगडाने बंद करायचं.

फादर अर्नुल्फो ते पत्र घेऊन शेडमध्ये आले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. मग खाली बघत म्हणाले, "बाई, हे चौतीस दगड तुमच्या वहीत नसते तर?"

"पण आहेत."

"नसते तर, म्हणतो मी. तेवढी जागा भरीव भरली असती."

मी त्यांना वर्गात बोलायचे तशीच बोलले. तीस वर्षं मुलांना सांगत आले की जे आहे ते काढा, जे हवंय ते नाही. आता पान फाडू का? फादर ओशाळले, माफी मागून गेले. मला स्वतःचा अभिमान वाटला. सेनोन शेडच्या खांबाला टेकून उभा होता.  नंतर ब्रश धुता धुता एवढंच म्हणाला की, तुम्ही पान फाडलं असतंत तर मी ते कुणाला सांगितलं नसतं.

त्या वाक्याकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही.

४

एप्रिल आणि मेमध्ये उत्तरेची भिंत उभी राहिली आणि तिच्या पोटात तो बोळही. त्याचं तोंड आत, बाप्तिस्म्याच्या खोलीशेजारी, जमिनीलगत. वर फरशा टाकून तो झाकला.

दुपारी गडी बाहेर बदामाच्या झाडाखाली जेवायचे. मला ऊन सोसत नाही, म्हणून मी चर्चमध्येच डबा उघडायचे. छप्पर पुन्हा बसलं होतं, बाक अजून यायचे होते. रिकाम्या चर्चमध्ये प्रत्येक आवाज मोठा होतो. पाल चुकचुकली तरी वेदीपर्यंत जाते.

तो आवाज मात्र मोठा नव्हता. कोरड्या गिलाव्यावरून कुणी तळवा ओढत नेला तर होतो तसा. बोळाच्या तोंडापाशी सुरू व्हायचा आणि आत जायचा. जात राहायचा, बारीक बारीक होत. थोड्या वेळाने परत यायचा.

चुना वाळताना कण झडतात. वारा फरशांच्या फटींतून वाहतो. उंदीर असतील. अशी माझ्याकडे चार-पाच कारणं होती आणि त्यातलं प्रत्येक चांगलं होतं. पण मला मोजायची खोड. एक दिवस मी घड्याळ लावलं. सावकाश चालणाऱ्या माणसाला चार मीटर जायला सहा-सात सेकंद लागतात. तो आवाज ऐकू येईनासा व्हायला पन्नास सेकंद लागले.

मी सेनोनला सांगितलं. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी तो आपला भात आणि सुकी मासळी घेऊन माझ्यासोबत आत जेवायला बसला, पालथ्या घमेल्यावर. आवाज आला तेव्हा त्याचा घास तोंडातच थांबला. आवाज आत गेला, परत आला. मग सेनोनने घास गिळला.

"चुना वाळताना आवाज करतो," तो म्हणाला.

"किती वर्षं काम करताय चुन्याचं?"

"चाळीस."

"याआधी असा ऐकलात?"

"नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा जेवू लागला.

आम्ही आणखी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? ऑगस्टमध्ये संत रोकचा सण होता, बिशप येणार होते, सहा वर्षांनी गावाला आपलं चर्च मिळणार होतं.  पण त्या कोपऱ्यात अवजारं ठेवायचं गड्यांनी आपणहून बंद केलं होतं.

५

बोळाचं तोंड बंद करायचं ठरलं तो जूनमधला मंगळवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. बाहेर दोन गडी चुना कालवत होते. बंद करण्याआधी आतली लांबी शेवटच्या नकाशासाठी एकदा मोजायची होती. सेनोन टेपचं टोक घेऊन आत जाणार आणि मी रीळ धरून तोंडाशी बसणार. तीस मीटरचा टेप होता, कापडी. जवळ दुसरा नव्हता.

सेनोनने दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. चुन्यात काम करायला कुणी इस्त्रीचा शर्ट घालत नाही. मी तसं म्हणालेही.

"बाहेर आलो की तुम्हाला एक विचारायचंय, बाई," तो म्हणाला.

"आत्ता विचारा."

"हात चुन्याने भरल्याशिवाय मला धीर येत नाही."

कपाळाला दिवा बांधून, खांदे किंचित तिरके करून तो आत शिरला. टेप माझ्या बोटांतून सरकू लागला. एक मीटर. दोन. तीन. चार. मी बोटं आवळायच्या बेतात होते, पण तो सरकतच राहिला. पाच. सहा.

मला वाटलं, टेपला झोळ पडला असेल. मी तो ताणला. तो ताठ होता.

चर्चचं मोठं दार सताड उघडं होतं. त्यातून मला बाहेरचा रस्ता दिसत होता, त्यापलीकडे बास्केटबॉलचं मैदान. मैदानावर बायका भात वाळत घालत होत्या, पायाने सारखा करत होत्या. बोळ सरळ पुढे गेला असता तर तो त्या बायकांच्या पायांखालून जायला हवा होता.

नऊ. दहा. अकरा.

"नोंग सेनोन?"

"सोडा अजून," त्याचा आवाज आला. शांत होता. पण जवळून आला नाही.

मी वाकून आत पाहिलं. त्याचा दिवा दिसत होता, लांब आणि बारीक. टेप सरकत होता. अठराला तो दिवा दूरच्या मासेमारीच्या होडीवरच्या दिव्याएवढा झाला. मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि दिवा गेला. मग पुन्हा दिसला. पुन्हा गेला, पुन्हा दिसला. असं चार वेळा झालं, सावकाश, चालीच्या लयीत. त्या बोळात एकमेकांना ओलांडून जायला जागा नव्हती. दिवा झाकला जायचा तर माझ्या आणि त्याच्या मध्ये कुणीतरी असायला हवं होतं.

तीस मीटरला टेप हिसका देऊन थांबला.

"परत या," मी म्हणाले. ओरडले नाही. का कोण जाणे, मला वाटलं की ओरडू नये.

काही क्षण काहीच नाही. मग तो तळव्याचा आवाज सुरू झाला, माझ्या दिशेने. तो फार लवकर जवळ आला. आणि सेनोन बाहेर पडला, खांदे तिरके करून, जसा गेला होता तसाच. उजवा हात मनगटापर्यंत पांढरा होता.

"चार मीटर दहा," तो म्हणाला आणि बादलीत हात धुऊ लागला.

६

टेप अजून शेवटपर्यंत सुटलेला होता. रिळावर एकही वेढा नव्हता. मी त्याला विचारलं की टोक कुठे आहे.

"आतच राहिलं वाटतं. गुंडाळा."

मी गुंडाळू लागले. सात-आठ मीटर सहज आला. मग अडला. अडकलेला टेप कसा लागतो हे मला ठाऊक आहे. तो नुसता धरून ठेवतो. हा तसा नव्हता. त्याने एकदा ओढलं. थोडं थांबून पुन्हा एकदा.

परांचीवर काम करताना आमची खूण ठरलेली होती. वरून दोनदा ओढलं की खालच्याने थांबायचं.

सेनोन माझ्या पाठीमागे उभा होता. त्याने गड्यांना आत बोलावलं होतं आणि तिघांनी मिळून दगड उचलला होता. चुना लावून तयार होता. "बाई, चुना आवळतोय," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे पाहिलं. डाव्या भुवईतला तीळ, अंगठ्यावरची जुनी जखम, कॉलरला फासलेला चुना. सगळं त्याचंच होतं. मी 'थांबा' म्हणाले असते तर ते तिघे थांबले असते. पण का, असं त्यांनी विचारलं असतं, आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? की हा माणूस इथे उभा आहे आणि तोच आतून टेप ओढतोय? हा विचार शब्दांत मांडला आणि तो इतका वेडगळ वाटला की मला स्वतःची लाज वाटली.

मी रीळ बोळाच्या तोंडात, आतल्या बाजूला, जमिनीवर ठेवलं आणि उठून बाजूला झाले.

त्यांनी दगड बसवला. सेनोनने थापीने सांधे भरले, ओल्या फडक्याने पुसले. दगड बसता बसता आत रीळ घरंगळत गेल्याचा आवाज झाला.  मी वही काढून ४.१० लिहिलं. माझ्या वहीत सहा हजारांवर मापं आहेत, त्यांतलं मी न मोजलेलं हे एकच.

७

ऑगस्टमध्ये सण झाला. बिशप आले, बँड आला, तीन डुकरं भाजली गेली. सेनोन पुढच्या बाकावर दिव्हिनाशेजारी बसला होता आणि गात होता. इतक्या वर्षांत मी त्याला रविवारच्या मिस्सेत गाताना ऐकलं नव्हतं. आवाज चांगला होता.

दिव्हिना मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा किती सुधारलेत, पाहिलंत ना, बाई? माडी प्यायची सोडली. झोपतात नीट. आई गेल्यापासून पहिल्यांदा घरात हसतात." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मी तिच्या हातावर हात ठेवला.

मी वाट पाहत होते. जून गेला, जुलै गेला. शेड मोडायचं काम निघालं तेव्हा मीच विषय काढला. म्हणाले की, तुम्ही मला काहीतरी विचारणार होतात.

त्याने मनापासून आठवून पाहिलं. "मी? कधी?"

"मी टेप धरला होता त्या दिवशी."

"टेप कशाला धरायला लागतो, बाई? पावलांनी मोजला मी. चारच तर मीटर." आणि तो माझ्याकडे बघून हसला, प्रेमाने. तो खोटं बोलत नव्हता. तीस वर्षं मी खोटं बोलणारी मुलं पाहिली आहेत.

पुढच्या शनिवारी मी फादर अर्नुल्फोंकडे पापनिवेदनाला गेले. जाळीतून सगळं सांगितलं, टेपपासून दिव्यापर्यंत. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले की उकाडा होता, अंधारात अंतर कळत नाही, कापडी टेप ताणला जातो. मी म्हणाले की ही सगळी कारणं मी आधीच स्वतःला दिली आहेत.

"तुम्हाला काय हवंय, बाई?"

"तो दगड काढा. एकदा बघा."

"काढला आणि आत कुणी नसलं, तर समाधान होईल?"

"होईल."

 जाळीपलीकडे लाकूड करकरलं. "आणि असलं तर?" ते म्हणाले. "मग जो दिव्हिनाच्या घरी जेवतोय, त्याला काय सांगायचं?"

 त्यांनी मला दहा प्रार्थना म्हणायला सांगितल्या. मी उठताना जाळीपलीकडून त्यांचा आवाज पुन्हा आला, अगदी वर्गातल्या मुलासारखा. "मी तुम्हाला ते पान फाडायला सांगितलं होतं."

८

सणानंतर मी सकाळी चर्चमध्ये जाऊन बसू लागले. नवाच्या सुमारास तिथे कुणी नसतं. बाप्तिस्म्याच्या खोलीजवळचा शेवटचा बाक भिंतीला लागून आहे. मी खांदा भिंतीला टेकवून बसायचे. दगड गार असतो.

आवाज अजून यायचा. तोंडापासून आत, आतून तोंडाकडे. पूर्वी मला तो एकच वाटायचा. रोज ऐकल्यावर कळलं की ते बरेच आहेत, एकामागून एक, सगळ्यांचे तळवे त्याच घळीतून. आणि त्यात एक निराळा होता. तो प्रत्येक सांध्यापाशी किंचित थांबायचा आणि बोटाने टिचकी मारायचा. गवंडी भिंतीजवळून जाताना मारतात, दगड पोकळ वाजतो का भरीव, ते बघायला. सेनोन बाजारातून चालतानाही लोकांच्या भिंतींना टिचक्या मारायचा. दिव्हिना त्याला त्यावरून रागवायची. हल्ली ती रागवत नाही. रागवायला काही उरलेलं नाही.

भिंतीतला तो आला की मी थोडं बोलायचे. फार नाही. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची होडी विकली, असं काहीतरी. मला काय वाटतं ते मी बोलत नव्हते. ते मी त्याच्याशी कधीच बोलले नव्हते. दोन आठवड्यांनी तो माझ्या पाठीशी येऊन थांबू लागला. बाकीचे तळवे पुढे जायचे आणि तो थांबून राहायचा. चार फूट दगड मध्ये. मी एकटी नव्हते, आणि मला वाटतं तोही नव्हता. त्या सकाळी चांगल्या होत्या, हे मी कबूल करते.

ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी तो असाच येऊन थांबला होता. मी त्याला सांगत होते की कचेरीला नकाशे पोचले. तेवढ्यात दारातून सेनोन आत आला. त्याने बोटं पवित्र पाण्यात बुडवली, क्रूसाची खूण केली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. रोज इथे का बसता, म्हणून विचारलं. मी म्हणाले, गार वाटतं.

"खरंच?" तो म्हणाला आणि हात लांब करून त्याने तळवा भिंतीवर ठेवला, माझ्या खांद्याच्या वर, सपाट.

आतला आवाज लगेच सुरू झाला. मी तो रोज ऐकत होते आणि तो नेहमी सावकाश असायचा. आता तो धावत होता. सांध्यापाशी थांबणं नाही, टिचकी नाही. गिलाव्यावरून खरडत, धडपडत, आत आणि आणखी आत, चार मीटरच्या कितीतरी पुढे, जोवर मला ऐकू येत होता तोवर.

सेनोनने हात काढला नाही. तो डोकं तिरकं करून ऐकत होता, मुलं शंख कानाला लावून ऐकतात तसं.

"काही ऐकू आलं, बाई?"

"नाही," मी म्हणाले.

तो समाधानाने हसला. मग आम्ही दोघं बाहेर पडलो आणि त्याच्या घराच्या वळणापर्यंत सोबत चाललो. वाटेत तो वादळाबद्दल बोलत होता, शेजारच्या बेटावर झाडं पडली म्हणे. मी हो ला हो केलं.

आता मी मिस्सेला दक्षिणेच्या बाजूला बसते. लोकांना वाटतं, तिथे पंखा आहे म्हणून. उत्तरेच्या बाकाकडे मी बघतसुद्धा नाही. मी तिथे बसले की बाहेरचा येतो, आणि तो आला की आतल्याला पळावं लागतं.